ड्रायडनच्या काळातली उपरोधी कविता आणि पद्यनाटकं : वाचायला सुरुवात कुठून करावी

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याची सतराव्या शतकातला कवी आणि नाटककार जॉन ड्रायडन याच्याशी पहिली गाठ बहुतेक वेळा गाइडमध्ये पडते. कवितेच्या आधी नावांची यादी येते. कोण कुठला ड्यूक, कोणाचा कोणता पक्ष, कोणत्या साली कोणता कट. ती पाठ होईपर्यंत परीक्षा येते आणि कविता वाचायची राहूनच जाते. याचं मला फार वाईट वाटतं. १६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परत आला तिथपासून १७००पर्यंतच्या, म्हणजे रिस्टोरेशन काळातल्या पद्यात जेवढी धार आणि जेवढा नाद आहे, तेवढा एकत्र फार क्वचित सापडतो. हे पद्य लोक कॉफीहाउसात एकमेकांना वाचून दाखवत आणि नाटकगृहात कानांनी ऐकत. म्हणून इतिहास थोडा मागे ठेवायचा आणि कानापासून सुरुवात करायची.

इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं, शेक्सपिअरची आणि वर्ड्‌स्वर्थची ओळख आहे, पण मधला हा पट्टा कोरा राहिला आहे, अशा वाचकांसाठी पुढचा क्रम आहे. मजकूर मिळवायला अडचण नाही. ड्रायडनचं बहुतेक लेखन प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतं. मात्र पहिल्या वाचनासाठी तळटिपा असलेली छापील आवृत्ती जवळ असली तर फार बरं.

पायरी पहिली : ठोका ओळखा

या काळाचं मुख्य वृत्त म्हणजे हिरोइक कपलेट. दोन ओळी, प्रत्येकीत दहा अक्षरं, पाच आघात, शेवटी यमक. आपल्याला वृत्त म्हटलं की लघु-गुरू आठवतात, अक्षर किती लांबवायचं याचा हिशेब. इंग्रजीत मोजायचा तो जोर. मराठी बोलताना आपण शब्दातल्या एखाद्याच अक्षरावर असा ठसका देत नाही, त्यामुळे सुरुवातीला हा ठोका हातातून निसटतो. उपाय साधा आहे. टेबलावर बोटानं पाच ठोके देत ओळ मोठ्यानं म्हणायची. ही जोडी घ्या :

द रेस्ट टु सम फेंट मीनिंग मेक प्रिटेन्स,
बट शॅडवेल नेव्हर डीव्हिएट्स इन्टु सेन्स.

पहिल्या ओळीत ठोके ‘रेस्ट’, ‘सम’, ‘मीन’, ‘मेक’ आणि ‘टेन्स’वर पडतात. दुसरीत ‘शॅड’, ‘नेव्ह’, ‘डीव्ह’, ‘इन’ आणि ‘सेन्स’वर. ‘डीव्हिएट्स’ दोनच अक्षरांत, ‘डीव्ह्‌येट्स’ असा म्हणायचा, नाहीतर ओळ लांबते. अशा आकुंचनाची सवय लवकर करून घ्या, पानोपानी लागते.

अर्थ असा : बाकीचे कवी निदान काहीतरी अर्थ असल्याची बतावणी तरी करतात, शॅडवेल मात्र वाट चुकूनही शहाणपणाकडे वळत नाही. म्हणजे मूर्खपणा हा त्याचा राजमार्ग, आणि अक्कल ही आडवाट. ओळीत एकही शिवी नाही. सगळा वार शेवटच्या शब्दावर राखून ठेवला आहे आणि यमकामुळे आपण त्या शब्दाची वाट बघत असतो. हे एकदा कानाला कळलं की अर्धं काम झालं. प्रत्येक जोडीत दुसऱ्या ओळीच्या टोकाशी क्षणभर थांबायचं, खरी गंमत तिथेच घडते.

पायरी दुसरी : ‘मॅक फ्लेक्नो’ एका बैठकीत

वरची जोडी याच कवितेतली. २१७ ओळींची ही कविता ड्रायडननं १६७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिली. काही वर्षं ती हस्तलिखितांतून फिरली आणि १६८२मध्ये कुणीतरी त्याला न विचारता छापली. गोष्ट अगदी सोपी आहे. रिचर्ड फ्लेक्नो नावाचा सुमार कवी मूर्खपणाच्या साम्राज्याचा राजा आहे. म्हातारा झाल्यावर तो वारस शोधतो आणि नाटककार टॉमस शॅडवेलची निवड करतो. पुढे त्याचा राज्याभिषेक होतो.

कवितेचा सूर पहिल्या ओळीपासून महाकाव्याचा आहे. सर्व मानवी गोष्टी नाशवंत आहेत आणि नियतीनं बोलावलं की सम्राटालाही जावंच लागतं, अशी सुरुवात. हा सूर खरोखर गंभीरपणे म्हणायचा. विडंबन करतोय म्हणून आवाजात वात्रटपणा आणला की कविता पडते. राज्याभिषेकाचा प्रसंग सावकाश वाचा. मिरवणुकीच्या वाटेवर इराणी गालिचे नाहीत. खप न झालेल्या कवींच्या पुस्तकांची फाटकी पानं पसरली आहेत. दुकानांत धूळ खात पडलेली ही पानं एरवी कशाला उपयोगी पडायची? ‘पाय’ नावाचा भाजलेला खाद्यपदार्थ गुंडाळून द्यायला आणि शौचाला. त्यात शॅडवेलच्याच पुस्तकांचे एवढे ढीग की रस्ता तुंबतो. मूळ छापील मजकुरात शॅडवेलचं नाव पूर्ण येत नाही, फक्त ‘एसएच’ आणि पुढे रेघ येते. वाट तुंबवणारी ती रेघ वाचकानं कशी भरायची हे ड्रायडननं वाचकावरच सोडलं आहे. मग राजाच्या डाव्या हातात पृथ्वीगोलाऐवजी बिअरचा भलामोठा मग दिला जातो. शॅडवेल अंगानं जाडजूड होता आणि प्यायचा, हे लंडनला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र मनात ठेवा. शॅडवेल खरोखर टाकाऊ लेखक नव्हता. त्याच्या सुखात्मिका रंगमंचावर चालत होत्या. १६८८च्या क्रांतीनंतर ड्रायडनचं राजकवीपद गेलं आणि ते शॅडवेललाच मिळालं. कविता वाचून माणसाबद्दल मत बनवायची घाई नको.

पायरी तिसरी : इतिहास, पण एका चिठ्ठीपुरता

चिठ्ठीवर सहा सालं लिहा. १६४२ : पार्लमेंटनं नाटकगृहं बंद केली. १६४९ : पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद. १६६० : मुलगा दुसरा चार्ल्स परत आला, दोन नाटक कंपन्यांना परवाने मिळाले आणि इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर स्त्रिया अभिनेत्री म्हणून उभ्या राहिल्या. १६७८ : कॅथलिक लोक राजाचा खून करणार आहेत अशी टायटस ओट्सनं रचलेली थाप, जिला पॉपिश प्लॉट म्हणतात. १६८१ : त्या भीतीतून पेटलेला वारसाहक्काचा वाद ऐन भरात. १६८८ : कॅथलिक राजा दुसरा जेम्स पळाला. एवढ्यावर पुढचं सगळं वाचता येतं.

पायरी चौथी : ‘ॲब्सलम अँड अकिटोफेल’

ही या काळातली सर्वांत मोठी राजकीय कविता, आणि नवख्या वाचकाला घाबरवणारीही हीच. १६८१च्या नोव्हेंबरमध्ये ती कवीच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. एक हजाराहून अधिक ओळी. घाबरायचं कारण म्हणजे प्रत्येक पात्राला बायबलमधलं नाव आहे. तेव्हा आधी जुन्या करारातल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातले १३ ते १८ हे अध्याय वाचून काढा. मराठी बायबलमध्ये वाचले तरी चालतील. दावीद राजाचा लाडका मुलगा अबशालोम बापाविरुद्ध बंड करतो आणि अहिथोफेल त्याला सल्ला देतो, एवढी ती कथा.

मग चिठ्ठीच्या मागच्या बाजूला नावं लावा. डेव्हिड म्हणजे दुसरा चार्ल्स. ॲब्सलम म्हणजे त्याचा अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मॉन्मथ. अकिटोफेल म्हणजे शाफ्ट्सबरीचा अर्ल, विरोधकांचा पुढारी. झिमरी म्हणजे बकिंगहॅमचा ड्यूक. कोराह म्हणजे टायटस ओट्स. ज्यू म्हणजे इंग्रज, जेब्युसाइट म्हणजे कॅथलिक. बाकीची नावं तळटिपांवर सोडा.

आता एक नाव मराठी वाचकानं मुद्दाम थांबून बघावं : मायकल, म्हणजे डेव्हिडची राणी. ही पोर्तुगालची कॅथरीन ऑफ ब्रगांझा. १६६१च्या तिच्या विवाहकरारात मुंबई बेट चार्ल्सला आंदण मिळालं आणि १६६८मध्ये त्यानं ते वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. त्या लग्नातून वारस झाला नाही. म्हणून गादी भावाकडे जाणार होती. भाऊ जेम्स कॅथलिक होता, म्हणून त्याला डावलून मॉन्मथला पुढे करण्याची चळवळ उभी राहिली, आणि तिच्याविरुद्ध ही कविता लिहिली गेली. कवितेच्या पहिल्या दहा-बारा ओळींतच राणीचं अपत्यहीन असणं आणि राजाची इतरत्र झालेली भरपूर मुलं हा विषय येतो. राजाची बाजू घेणाऱ्या कवीनं राजाच्या भानगडींचा उल्लेख करायचा, तोही तो राजाही हसेल अशा बेतानं. बहुपत्नीत्व पाप ठरण्यापूर्वीच्या त्या पवित्र काळात, अशी ती सुरुवात आहे. या ओळी दोनदा मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळी कविता एका दमात वाचायची गरज नाही. पहिल्यांदा सुरुवात, अकिटोफेलचं चित्र, त्यानं ॲब्सलमला घातलेली भूल, झिमरी, आणि शेवटी राजाचं भाषण एवढंच वाचा. मधल्या याद्या दुसऱ्या फेरीत.

झिमरीवर मात्र एक संध्याकाळ घाला. जेमतेम पंचवीस ओळी आहेत.

अ मॅन सो व्हेरियस, दॅट ही सीम्ड टु बी
नॉट वन, बट ऑल मॅनकाइंड्‌स एपिटमी.

इतका बहुरंगी माणूस की जणू एकटा नाहीच, साऱ्या मानवजातीचा अर्क! इथपर्यंत स्तुतीच वाटते. पुढच्या जोडीत कळतं की मतं ठाम, आणि नेहमी चुकीची. सगळं काही होऊन बघतो, पण फार वेळ काहीच नाही. मग ही ओळ येते :

बट, इन द कोर्स ऑफ वन रिव्हॉल्व्हिंग मून,
वॉज केमिस्ट, फिडलर, स्टेट्समन, अँड बफून.

एका महिन्याच्या आत रसायनशास्त्रज्ञ, फिडलवाला, मुत्सद्दी आणि विदूषक. चार नामं, एकही विशेषण नाही. आता क्रम बघा. मुत्सद्दी हा शब्द फिडलवाला आणि विदूषक यांच्यामध्ये दाबून बसवला आहे. तो पहिला किंवा शेवटचा आला असता तर मान मिळाला असता. तिसऱ्या जागेवर तो बाकीच्या छंदांतला एक छंद होऊन जातो. आणि यमकामुळे महिन्याचा तो चंद्र थेट विदूषकावर येऊन आदळतो. हे आपोआप जमत नाही. एकेका शब्दाची जागा बदलून बघा, प्रत्येक वेळी ओळ मऊ पडते.

ड्रायडनला स्वतःलाच हे चित्र फार आवडत असे. पुढे रोमन उपरोधी कवी ज्यूव्हेनालच्या भाषांतराला जोडलेल्या उपरोधावरच्या निबंधात त्यानं लिहिलं की खाटकासारखं माणसाला तोडणं वेगळं, आणि डोकं धडापासून सुटावं तरी जागच्या जागी उभं राहावं असा नाजूक वार वेगळा. मूर्ख, लबाड हे शब्द न वापरता माणूस मूर्ख किंवा लबाड दिसला पाहिजे, ही त्याची कसोटी. या काळातली कुठलीही उपरोधी कविता वाचताना हीच कसोटी हाताशी ठेवा. ड्रायडन स्वतःही काही ठिकाणी तिच्यावर उतरत नाही. कोराहचं, म्हणजे ओट्सचं चित्र मला झिमरीच्या तुलनेत जड हाताचं वाटतं, तिथे राग लपत नाही.

झिमरीच्या मागे जुनं देणं-घेणंही होतं. त्यासाठी आता नाटकगृहात जायला हवं.

पायरी पाचवी : नाटकाआधी प्रोलॉग आणि एपिलॉग

रिस्टोरेशन काळातल्या ज्या सुखात्मिका आजही रंगमंचावर येतात त्या मुख्यतः गद्य आहेत, त्या या लेखात धरलेल्या नाहीत. पण जवळजवळ प्रत्येक नाटकाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक नट किंवा नटी पुढे येऊन कपलेटमध्ये प्रेक्षकांशी बोलत असे. तीस-चाळीस ओळींचा हा मामला. त्यात टवाळी, मिनत्या आणि समोर बसलेल्यांची थट्टा असते. पूर्ण पद्यनाटक पेलायच्या आधी हे वाचून घ्यावेत.

सर्वांत चांगली सुरुवात म्हणजे ड्रायडनच्या १६६९च्या ‘टिरॅनिक लव्ह’चा एपिलॉग. नेल ग्विन ही त्या काळची लाडकी विनोदी अभिनेत्री. या शोकात्म नाटकात तिला राजकन्या केलं होतं आणि शेवटी ती आत्महत्या करते. वाहक तिचं प्रेत उचलायला येतात, तेवढ्यात प्रेत ओरडतं :

होल्ड, आर यू मॅड? यू डॅम्ड कन्फाउंडेड डॉग,
आय ॲम टु राइज, अँड स्पीक द एपिलॉग.

वेडा झालास का रे मेल्या, मला उठून एपिलॉग म्हणायचाय! पाच अंकांचं गांभीर्य एका जोडीत उधळून दिलं, आणि तेही नाटककारानं स्वतः. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यात केवढी जवळीक होती हे कुठल्याही इतिहासापेक्षा या ओळी नीट सांगतात.

पायरी सहावी : एक हिरोइक नाटक, आणि त्याची टर

पूर्णपणे यमकात लिहिलेली शौर्य आणि प्रेमाची भव्य नाटकं ही या काळाची खासियत. १६७०-७१मध्ये रंगमंचावर आलेलं ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ ग्रॅनाडा’ तर दोन भागांत, दहा अंकांचं. त्याचा नायक अल्मान्झोर गर्जत फिरतो, बाजू बदलतो, एकट्यानं सैन्यं उलथवतो. पहिल्यांदा हे वाचू नका, दमछाक होते. त्याऐवजी ‘औरंग-झेब’ घ्या.

होय, आपलाच औरंगजेब. लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात १६७५च्या नोव्हेंबरमध्ये हे नाटक झालं तेव्हा रायगडावरच्या राज्याभिषेकाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि खरा औरंगजेब दिल्लीच्या गादीवर होता. फ्रेंच वैद्य बर्निए याच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर नुकतंच निघालं होतं, वारसायुद्धाची कथा ड्रायडननं तिथून उचलली. पण हा औरंगजेब आपल्या ओळखीचा नाही. तो पितृभक्त, संयमी, एकनिष्ठ प्रियकर आहे. कैदेत असलेल्या काश्मीरच्या इंदामोरा राणीवर त्याचं प्रेम आहे, आणि त्याच्या म्हाताऱ्या बापालाही तीच हवी आहे. सावत्र आई नूरमहल औरंगजेबावरच भाळली आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पचवणं अवघड जातं, आणि ते साहजिक आहे. ज्यानं बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं, दारा आणि मुराद या भावांना मारलं, त्याचा हा आदर्श पुत्र कसा झाला? उत्तर असं की ड्रायडनला हिंदुस्थानचा इतिहास सांगायचाच नव्हता. गादी, बाप, मुलगे आणि संयम हा प्रश्न त्याला लंडनच्या प्रेक्षकांसमोर मांडायचा होता, आणि दूरच्या आग्र्यात तो मोकळेपणी मांडता येत होता. सहा वर्षांनी तोच प्रश्न ॲब्सलममध्ये घरात आला. ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तर हे स्पष्ट दिसतं.

चौथ्या अंकात मृत्यू समोर असताना औरंगजेब नूरमहलला जे सांगतो, ते पाठ करावं :

व्हेन आय कन्सिडर लाइफ, टिस ऑल अ चीट;
येट, फूल्ड विथ होप, मेन फेव्हर द डिसीट.

आयुष्य ही निव्वळ फसवणूक, तरी आशेला भुललेली माणसं तिलाच जवळ करतात. उद्या फेड होईल म्हणतात, आणि उद्या तर कालच्याहून खोटारडा निघतो. उपरोधासाठी धार लावलेलं हे वृत्त इथे शांतपणे खिन्न होतं. कपलेट म्हणजे फक्त टोमणा, हा समज इथे मोडतो.

या नाटकाच्या प्रोलॉगमध्ये ड्रायडन म्हणतो की यमक या जुन्या प्रेयसीचा आपल्याला आता कंटाळा आला आहे. दोन वर्षांनी अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्यावरचं ‘ऑल फॉर लव्ह’ त्यानं खरोखर निर्यमक पद्यात लिहिलं. त्याचं एखादं पान औरंगजेबाच्या पानाशेजारी ठेवून मोठ्यानं वाचा, यमक गेल्यावर वाक्यं कशी लांब श्वास घेतात ते कळेल.

आता ते देणं-घेणं. १६७१च्या डिसेंबरमध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकनं मित्रांच्या मदतीनं ‘द रिहर्सल’ रंगमंचावर आणलं. त्यात बेझ नावाचा एक फुशारकीखोर नाटककार आपल्या नाटकाची तालीम दाखवतो. बेझ म्हणजे ड्रायडन हे सगळ्यांनी ओळखलं. अल्मान्झोरच्या जागी ड्रॉकॅन्सर नावाचा वीर येतो आणि दोन्ही बाजूंच्या सगळ्यांनाच मारून टाकतो. ड्रायडन तेव्हा गप्प राहिला. दहा वर्षांनी झिमरी आला.

पायरी सातवी : रॉचेस्टर, सावधपणे

रॉचेस्टरचा अर्ल जॉन विल्मट १६८०मध्ये ३३व्या वर्षी वारला. त्याच्या बऱ्याच कविता उघडउघड अश्लील आहेत, वर्गात किंवा घरात मोठ्यानं वाचण्याआधी एकदा मनात वाचून घ्या. पण ‘अ सटायर अगेन्स्ट रीझन अँड मॅनकाइंड’ टाळू नका. बुद्धीचा एवढा गर्व करणारं माणूस नावाचं जनावर होण्यापेक्षा कुत्रा, माकड किंवा अस्वल होणं आपण पत्करू, असं तो सुरुवातीलाच सांगतो. तिथे दोनाऐवजी तीन ओळींचं यमक लागतं आणि तिसरी ओळ प्राण्यांची. ड्रायडन वार करून मागे सरतो, रॉचेस्टर मात्र स्वतःलाही सोडत नाही, कारण तोही माणूसच आहे. मला तो या बाबतीत ड्रायडनहून धाडसी वाटतो.

रॉचेस्टर वाचताना आवृत्ती चांगली हवी. या कविता हाताने नकलून फिरत. तो गेल्यावर त्याच वर्षी त्याच्या नावावर निघालेल्या संग्रहात इतरांच्या कविताही घुसल्या, त्यात ॲफ्रा बेन या लेखिकेची ‘द डिसअपॉइंटमेंट’ होती. प्रेमप्रसंगात ऐन वेळी पुरुष कमी पडतो, हा विषय पुरुष कवींनीही हाताळला होता. बेन शेवटी स्त्रीच्या मनात शिरते. ती कविता रॉचेस्टरला लागूनच वाचा.

निनावी लेखनाची किंमत कधी कधी भलत्यालाच मोजावी लागे. १८ डिसेंबर १६७९च्या रात्री कॉव्हेंट गार्डनजवळच्या रोझ ॲलीत भाडोत्री गुंडांनी ड्रायडनला बेदम मारलं. दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या एका उपरोधी कवितेचा संशय त्याच्यावर होता. ५० पौंडांचं बक्षीस जाहीर झालं, तरी हल्लेखोर सापडले नाहीत.

पायरी आठवी : ‘हडिब्रास’, जमेल तेवढं

सॅम्युएल बटलरचं हे लांबलचक काव्य १६६२च्या अखेरीपासून भागाभागानं निघालं. प्युरिटन सरदार आणि त्याचा चेला यांची फजिती, आठ अक्षरांच्या धावत्या ओळी, मुद्दाम ओबडधोबड यमकं. राजाला फार आवडलं. त्या काळचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानं ते अडीच शिलिंगांना घेतलं, मूर्खपणाचं वाटलं म्हणून त्याच दिवशी दीड शिलिंगाला विकलं, आणि सगळे वाहवा करतात म्हणून सहा आठवड्यांत पुन्हा विकत आणलं. तुम्ही पहिल्या सर्गातलं हडिब्रासचं वर्णन वाचा, आवडलं तर पुढे जा. न आवडलं तर पीप्सची आठवण ठेवून वर्षभरानं पुन्हा उघडा.

‘द हाइंड अँड द पँथर’ हे ड्रायडनचं १६८७चं धर्मवादाचं काव्य अगदी शेवटी ठेवा, त्याला चर्चच्या वादांची बरीच तयारी लागते. त्याआधी ‘टु द मेमरी ऑफ मिस्टर ओल्डम’ वाचा. उपरोधी कवी जॉन ओल्डम तिशीत वारला, त्याच्यावरची १६८४ची ही २५ ओळींची कविता आहे. ओल्डमच्या ओळी खडबडीत होत्या हे ड्रायडन त्यात लपवत नाही, आणि ते सांगताना स्वतःची ओळही मुद्दाम खडबडीत ठेवतो. ती जागा आता तुमचा कान स्वतःच शोधेल. इथून पुढे अलेक्झांडर पोपच्या ‘डन्सियड’कडे जाता येतं. ‘मॅक फ्लेक्नो’तलं मूर्खपणाचं साम्राज्य तिथे चार सर्गांपर्यंत पसरलं आहे.